बझ नव्हे, जवारी!

माझ्या गिटारला मध्यंतरी आजार जडला होता. तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं की तार झण्ण करायची. गिटारवाले याला ‘बझ’ म्हणतात. मुंबईतल्या रूमवर रात्री अकराला व्हिडिओ लावला, पान्यानं नेकमधला रॉड पाव फेरी सैल केला आणि बझ गायब! गिटारमेकर मंडळी आपली गुपितं अशी खुशाल वाटतात. अमेरिकेत तर १९७२ साली त्यासाठी ‘गिल्ड ऑफ अमेरिकन लुथियर्स’ ही संघटनाच निघाली.

याच तोऱ्यात रत्नागिरीला घरी गेले. आत्या गाणं शिकवते. तिचा तानपुरा बोलेनासा झाला होता. ‘‘मी करते गं ठीक,’’ म्हटलं, तर तिनं तो माझ्या हातातून काढूनच घेतला. ‘‘हा मिरजेलाच न्यायचा.’’

मग काय, आंबा घाट, कोल्हापूर करत आमची वरात मिरजेत. तानपुरा मागच्या सीटवर, आत्या त्याला धरून.

इथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं, तसे त्यांचे हात वाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांपासून सतारमेकरांची ही परंपरा सांगतात.

कारखान्यात चाचांनी तार छेडली आणि मान हलवली. वाजून वाजून तारांनी घोडीवर खाचा पाडल्या होत्या. घोडीचा माथा किंचित उताराचा असतो. त्या उतारावर तार हलकेच घासते, त्यातून जो भरलेला, झणझणता नाद उठतो ती जवारी. म्हणजे माझ्या गिटारचा जो आजार, तोच तानपुऱ्याचा जीव!

चाचा कानस फिरवायचे, तार चढवायचे, खाली सुताचा दोरा सरकवून ऐकायचे, की पुन्हा तार खाली.

‘‘किती घासायचं, हे कसं कळतं?’’ मी विचारलं.

‘‘बोलेपर्यंत, बेटा.’’

शेजारी त्यांचा पुतण्या बसला होता. सहा वर्षं शिकतोय. सुरुवातीचं घासकाम त्याचं, शेवटचा हात अजून चाचांचाच. तेवढ्यात आत्या म्हणाली, ‘‘खर्ज थोडा उघडा वाटतोय.’’ चाचांनी निमूट कानस उचलली. पुतण्या आळीपाळीनं दोघांकडे बघत होता. त्याचा क्लास चालू होता आणि मास्तर दोन होते.

मिरजेत हे असंच चालत आलंय. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहायचे, १९३७ साली गेले. त्यांना स्वतःलाही वाद्यदुरुस्ती यायची. गवयाचा कान आणि कारागिराचा हात एकाच गावात!

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. आता दुसरीकडचा माल ‘मिरजेचा’ म्हणून खपवणं अवघड. छानच झालं. पण चाचांचा स्वतःचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे आणि आत्याच्या निम्म्या विद्यार्थिनी मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर रियाज करतात.

निघताना आत्यानं चारही तारा छेडल्या. ‘‘आता बघ, फरक कळतोय?’’

मी ‘हो’ म्हटलं. खरं सांगू? मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पुतण्यानं मात्र हसून मान डोलावली. त्याला कळलं होतं.

आता रविवारी सकाळी आत्याला फोन लावते. गप्पा नंतर, आधी तिला तानपुरा छेडायला सांगते. फोनवर धड ऐकू येत नाही, तरी ऐकते.