काय काम काढलंत?

गेल्या दिवाळीनंतर आम्ही चौघीजणी सायकलवरून दोन दिवस फिरून आलो. पहिल्या दिवशी पुण्याहून कात्रजचा जुना घाट ओलांडून नसरापूर, तिथून आत वळून मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पाबे घाट चढून पलीकडे रांजण्याला उतरलो आणि खानापूर, खडकवासला करत घरी. दोघींच्या सायकली गिअरच्या, तिसरीची जुन्या बाजारातली, आणि माझी अकरावीपासूनची लेडीज सायकल. चढावर बराच रस्ता मी ती ढकलत चालले, हे आधीच कबूल करते.

नसरापूर सोडलं आणि गाड्यांचा आवाज मागे पडला. भातं कापून झाली होती. कुठे खळ्यावर झोडणी चाललेली, कुठे डोक्यावर पेंढ्याचे भारे घेऊन बायका रस्त्याच्या कडेने ओळीने निघालेल्या. डावीकडे राजगड, समोर तोरणा. सायकलचा वेग असा की माणूस दिसतो, बोलता येतं, आणि थांबायला कारण लागत नाही. एस.टी.तून याच भागात मी कामासाठी कितीदा आले आहे, पण हा रस्ता चढतो कुठे आणि उतरतो कुठे, ते पोटऱ्यांना आता कळलं.

थांबू तिथे एकच प्रश्न. ‘काय काम काढलंत, ताई?’ विचारण्यात आगाऊपणा नव्हता, गावाकडे हीच विचारपूस असते. आम्ही म्हणायचो, ‘काही नाही, सहज.’ त्यावर समोरची व्यक्ती गप्प व्हायची. एका आजींनी तर ‘सहज म्हंजे?’ असं परत विचारलं आणि आमच्या चौघींच्या गळ्याकडे बघून घेतलं. मंगळसूत्र एकीच्याच गळ्यात होतं. शेवटी मार्गासनीच्या अलीकडे एका टपरीवर आमच्यातली एक कंटाळून म्हणाली, ‘सर्व्हे आहे, मावशी.’ लगेच सगळ्यांचे चेहरे सैल झाले. बसायला बाकडं पुसून मिळालं. ‘सर्व्हे’ म्हणणारी मीच होते.

समाजकार्याची पदवी घेऊन दहा-बारा वर्षं बायकांच्या हक्कांची भाषा बोलणारी मी, फिरायला आले आहे एवढं सांगायला कचरले. ही लाज माझ्या एकटीची असती तर इथे लिहिली नसती. पण वाटतं की बाईच्या फिरण्याला आपण चळवळीतल्या बायकांनीही नेहमी कामाचाच दाखला जोडला आहे.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची गोष्ट आपण शिबिरांतून अनेकदा सांगतो. १९९१-९२च्या सुमारास तिथे साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्यात पुढाकार घेतला होता. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पी. साईनाथ यांनी नोंदवलं आहे की काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं. सांगताना आपण सायकलीवरून आणलेलं पाणी, बाजाराला नेलेला माल, वाचलेला वेळ मोजतो. बिहारमध्ये २००६पासून मुलींना सायकली मिळाल्या त्या शाळेसाठी. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना दिल्या गेल्या, त्याही शाळेसाठीच. हे सगळं हवंच होतं, त्यासाठी कित्येकींनी अर्जविनंत्या केल्या आहेत. पण शाळा सुटली की त्या सायकलीचं काय होतं, हे आपण विचारलेलं नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११च्या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं की बाईला बाहेर दिसायचं तर हाताशी काहीतरी काम दाखवावं लागतं. घाटातल्या रस्त्यावर टेकायला बसस्टॉपही नसतो, एवढाच फरक.

वेल्ह्याला संध्याकाळी पोहोचलो. जिथे खोली मिळते असं ऐकलं होतं, तिथल्या माणसाने आमच्या मागे रस्त्यावर नजर टाकली. ‘जेंट्स मागून येतायत का?’ नाही म्हटल्यावर खोल्या भरल्याचं कळलं. मागे खिळ्यांवर किल्ल्या लटकत होत्या. १८९८ साली इंग्लंडच्या सरे परगण्यात ऑकहॅम गावच्या हॉटबॉय हॉटेलात लेडी हारबर्टन सायकलवरून पोहोचल्या, तेव्हा अंगात स्कर्टऐवजी ढगळ विजार होती म्हणून त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिलं नाही, बारची खोली दाखवली. सायकलवरून भटकणाऱ्यांची संघटना, सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब, त्यांच्या बाजूने कोर्टात गेली आणि १८९९ साली खटला हरली. दुसरी खोली देऊ केली होती, म्हणजे नकार दिलाच नाही, असं ठरलं. आम्हाला दुसरी खोलीही दाखवली नाही. एका अंगणवाडी मदतनीस ताईने आम्हाला घरी नेलं. तिच्याबद्दल पुढे सांगते.

सायकलवाल्या पुरुषांच्या गप्पांत ‘एकदम शांत रस्ता’ ही सर्वांत मोठी शाबासकी. पाबे घाटात सकाळी चिटपाखरू नव्हतं. मागून एक मोटारसायकल हळू झाली आणि आम्ही चौघी एकाच वेळी बोलायच्या थांबलो. दूधवाला होता. पंक्चर आहे का, विचारायला थांबला होता. झरा कुठे आहे ते सांगून गेला. आम्ही हसलो, पण तो वळणाआड जाईपर्यंत एकीने हवा भरायचा पंप हातातून खाली ठेवला नाही. रस्ता तोच, त्याची शांतता मात्र दोघांना दोन तऱ्हेची. यावर घरचे सांगतात ते औषध म्हणजे जाऊच नका. माझं म्हणणं, अशा रस्त्यांवर बायका इतक्या दिसाव्यात की कोणी वळून बघू नये. चौघींनी ते होणार नाही.

परतल्यावर बैठकीत एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, ‘पोटगीच्या तारखा पडून आहेत आणि तुम्हाला सायकली सुचतात.’ ती पंचवीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढते आहे, म्हणून बोलणं लागलं. खरंच आहे, दोन दिवस सुट्टी काढणं, सायकल दुरुस्त करून घेणं सगळ्यांना परवडत नाही. पण त्याच आठवड्यात हिंसाचाराच्या एका केसचा अर्ज भरताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, घराबाहेर जायला बंधन आहे का? ती म्हणाली, ‘नाही. काम असलं की जाते की.’ इतकी वर्षं अशा उत्तरावर मी ‘बंधन नाही’ असंच लिहीत आले. या वेळी पुढे विचारलं, ‘आणि काम नसताना?’ ती हसली. मग बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. त्या रकान्यात काय लिहायचं ते मला ठरवता आलं नाही.

आता ती मदतनीस ताई. माहेरी सायकलवरून शाळेला जायची, दहावीपर्यंत. लग्न ठरलं तशी सायकल धाकट्या भावाकडे गेली. सकाळी आम्ही निघताना तिने माझ्या मैत्रिणीची गिअरची सायकल मागितली. साडीचा काचा मारला, ओसरीपासून डांबरी रस्त्यापर्यंत गेली, वळवताना उतरावं लागलं, पुन्हा बसून परत आली. अकरा वर्षांनी बसले, म्हणाली. घामाने चेहरा निथळत होता. मग हळू आवाजात, ‘पुढच्या बारीला मी पण येते. फक्त संस्थेचं पत्र द्या, शिबिर हाय म्हणून. शिक्का मारून. घरी दाखवाया लागतंय.’

मी हो म्हणून आले. पुढची फेरी जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी भोरच्या बाजूला ठरते आहे, ज्यांना यायचं त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. पत्र मात्र अजून गेलेलं नाही. शिबिर लिहावं असं दोघींचं म्हणणं, तिला येता येणं महत्त्वाचं. एकीचा त्याला सक्त विरोध आहे. कागद आणि शिक्का माझ्या टेबलावर आहेत.