नागमोडी रेघ

काम चोख असावें, याविषयीं दुमत नाहीं. परंतु लहानमोठें प्रत्येक काम सारखेंच चोख व्हावें असा हट्ट धरला, म्हणजे घरांतील माणसें बिचकूं लागतात आणि कामें मात्र पडून राहतात.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली; ती पुरी झाली १९६६ सालीं. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. शेंकडों हस्तलिखितें धुंडाळून ही मंडळी एकेक पाठ ताडून पाहत. तथापि कांहीं ठिकाणीं निर्णय होईना, म्हणून त्यांनीं ग्रंथ अडवून ठेवला नाहीं. जो पाठ पुरता निश्चित नव्हता, त्याखालीं नागमोडी रेघ ओढली आणि पुढचा श्लोक घेतला. आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. सुखठणकर १९४३ सालीं निवर्तले, तेव्हां पुढील संपादकांना मार्ग आंखलेला होता.

घरींहि हाच विवेक हवा. लोणच्याच्या बरणींत ओला चमचा जातां कामा नये. तेथें हयगय उपयोगाची नाहीं. परंतु नव्या सुनेच्या चकलीला कांटे आले नाहींत म्हणून तिच्या हातून सोऱ्या काढून घेणें, किंवा एक अक्षर वांकडें गेलें म्हणून मुलाला वहीचें पान फाडावयास लावणें, हें कशासाठीं? तेथें वडीलधाऱ्यांनीं मनांतल्या मनांत नागमोडी रेघ ओढावी. ज्या हातानें धजावयाचेंच सोडलें, त्या हातीं कसब कोठून येणार?