सरासरी सावरली, सहावीतल्या मुलांचं काय?

तुम्ही २०२०च्या दहावीच्या बॅचचे असाल, तर भूगोलाचा पेपर नक्की आठवत असेल. म्हणजे न झालेला पेपर! करोनामुळे तो रद्द झाला, बोर्डाने बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून मार्क दिले आणि आपण सुटलो. अकरावी मोबाइलवर उरकली, पुढे कॉलेजही झालं. आपलं निभावलं, कारण आपल्याला तोवर वाचता येत होतं.

आता त्याच जूनमध्ये ज्यांचं नाव पहिलीत घातलं, त्या मुलांचा विचार करा. राज्याच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते थेट १ डिसेंबर २०२१ला. अख्खी पहिली आणि दुसरीचे पहिले काही महिने घरात गेले. माझा मावसभाऊ त्यातलाच. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून यंदा सहावीत गेलाय. दिवाळीत त्याला एक लग्नपत्रिका वाचायला दिली. प्रत्येक जोडाक्षराला अडला आणि तिसऱ्या ओळीला म्हणाला, ‘‘ताई, तूच वाच ना.’’ गणपतीच्या मंडपात तास न् तास ढोल वाजवणारा पोरगा पत्रिकेपुढे मान खाली घालून बसला होता.

आता आकडे बघू. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या मुलांना घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्यांपैकी २०१८मध्ये २०.९ टक्के मुलांनी तो वाचला. २०२२मध्ये हा आकडा १६.३वर घसरला. २०२४मध्ये २३.४ झाला, म्हणजे करोनाआधीपेक्षाही वर. झालं, शाळा सावरल्या म्हणून आपण मोकळे!

पण गोम इथेच आहे. २०२४ला तिसरीत असलेली मुलं साधारण २०२२मध्ये, शाळा पुन्हा भरायला लागल्यावर पहिलीत गेली. सावरलेला आकडा त्यांचा आहे. घसरलेला आकडा ज्यांचा होता, ती मुलं पुढच्या वर्गात निघून गेली. धाकटी भावंडं सुधारली, थोरली मात्र मोजणीतूनच सुटली. आठवीचं चित्र बघा. तोच दुसरीचा उतारा सरकारी शाळांतल्या आठवीच्या ६९ टक्के मुलांना २०१८मध्ये वाचता येत होता, २०२४मध्ये ६७.५ टक्क्यांना. तिघांतला एक जण अजूनही अडतोय.

शाळांनी काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ होती, २०२१मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला, कितीतरी गुरुजी आणि बाई वस्तीवर जाऊन ओट्यावर वर्ग घेत होते. त्याच वर्षी ‘निपुण भारत’ आलं. पण त्याचा भर तिसरीपर्यंतच्या वाचन आणि गणितावर. सहावीत वाचायला शिकवणं कुणाच्याच वेळापत्रकात नाही.

उपाय फार महागडा नाही. पाचवी ते आठवीच्या मुलांचे रोज एक तास इयत्तेनुसार नाही, तर वाचता किती येतं त्यानुसार गट करायचे. ‘प्रथम’ने ही पद्धत सरकारी शाळांत बरीच वर्षं वापरली आहे. मोठ्या मुलांना पहिलीच्या पोरांसोबत बसवून लाजवायचं नाही. त्यांच्या वयाच्या गोष्टी सोप्या भाषेत द्यायच्या. ‘‘मग पोर्शन कधी संपवायचा?’’ हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. पण ज्याला धडा वाचताच येत नाही, त्याचा पोर्शन संपला काय नि राहिला काय! आणि हा तास हवा असेल, तर मतदारयाद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामं शिक्षकांच्या डोक्यावरून आधी उतरवावी लागतील. दोनशिक्षकी शाळेत एक जण कामाला गेला, की उरलेला एकटा सगळे वर्ग सांभाळतो.

आपलं काय? एनएसएसच्या शिबिरात आपण शाळेच्या भिंती रंगवतो. या वेळी मुलांसोबत बसून वाचूया. सुरुवात घरापासून करा. नात्यात, शेजारी कुणी सहावी-सातवीत असेल, तर हेच पान त्याच्या हातात द्या आणि म्हणा, ‘‘चल, दोघं मिळून वाचू.’’ अडला तर हसू नका. तो पहिलीत होता, तेव्हा शाळेला कुलूप होतं.