रंगमंच परक्याचा, श्रम आपले

एखादा नवा व्यवसाय तरुणांना खुणावू लागला की चळवळीतील जाणती मंडळी प्रथम त्याची टिंगल करतात, नंतर त्याबद्दल काळजी व्यक्त करतात आणि त्यातील माणसे पुरती नाडली गेल्यावर त्यांची संघटना बांधायला निघतात. व्हिडिओ गेम खेळता खेळता त्याचे थेट प्रक्षेपण करणे, म्हणजेच लाइव्ह स्ट्रीमिंग, या व्यवसायाबाबत आपण अद्याप टिंगलीच्या पायरीवरच आहोत. तालुक्याच्या गावातील तरुण रात्री मोबाइलसमोर बसून बोलतो आहे, हसतो आहे, अनोळखी प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो आहे, हे आपल्याला पोरखेळ वाटते. परंतु ठरलेल्या वेळी, ठरलेले तास, दुसऱ्याच्या करमणुकीसाठी आणि तिसऱ्याच्या नफ्यासाठी केलेल्या या कामाला श्रमाखेरीज दुसरे कोणते नाव देणार?

या व्यवसायाची घडण समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत २००७ साली सुरू झालेल्या जस्टिन टीव्ही या संकेतस्थळातून जून २०११ मध्ये खेळांसाठीचे ट्विच हे वेगळे व्यासपीठ निघाले आणि २०१४ साली ॲमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतले. ही किंमत काही केवळ यंत्रांची नव्हती. तिच्यात असंख्य खेळाडूंनी जमवलेल्या प्रेक्षकवर्गाचे मोल होते. तो प्रेक्षक ज्यांनी जमवला त्यांचा या विक्रीत आवाज नव्हता.

नारायणगावला तमाशाचे फड राहुट्या टाकून बसतात, गावोगावचे पुढारी येतात आणि सुपारी ठरते. तेथेही पिळवणूक आहे, पण निदान समोरासमोर बसून घासाघीस करता येते. स्ट्रीमरला ती सोय नाही. करार एकतर्फी लिहिलेला असतो आणि ‘मान्य आहे’ हे बटण दाबणे एवढाच त्याचा हक्क. प्रेक्षकाने भरलेल्या वर्गणीतला निम्मा वाटा ट्विच सामान्यतः स्वतःकडे ठेवते. मोठ्या स्ट्रीमरांना मिळणारा सत्तर टक्क्यांचा वाटाही मर्यादित करण्याचा निर्णय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये परस्पर जाहीर केला. यूट्यूबचा वाटा तीस टक्के आहे. आज तो तेवढा आहे, उद्या किती असेल हे खेळणारा ठरवत नाही.

मग तरुणांनी यात पडूच नये काय? असा उपदेश करणे सोपे असले तरी तो निरर्थक आहे. ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने डोळे उघडे ठेवून जावे, यासाठी चार गोष्टी सांगणे अधिक उपयोगाचे.

पहिली गोष्ट भांडवलाची. आरंभी महागडा संगणक, कॅमेरा, रंगीत दिवे यांसाठी कर्ज काढू नये. ओबीएस स्टुडिओ हे प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर २०१२ पासून जगभरच्या स्वयंसेवकांच्या सहकार्याने वाढले असून ते मोफत आणि मुक्त आहे. नफ्याच्या बाजारात उभे असलेले हे सामायिक मालमत्तेचे उदाहरण आपण आवर्जून ध्यानात ठेवावे. चित्रापेक्षा आवाजाकडे आधी लक्ष द्यावे. थोडे धूसर चित्र प्रेक्षक सहन करतो, खरखरणारा आवाज करीत नाही. इंटरनेट घेताना माहिती पाठवण्याचा, म्हणजे अपलोडचा, वेग विचारावा. मध्यम प्रतीच्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे तीन मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला जवळजवळ १.३५ जीबी. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत एका तासातच खडखडाट होतो, हा हिशेब आधी मांडावा.

दुसरी गोष्ट अपेक्षांची. ट्विचवर कमाईचा पहिला उंबरठा अनेक वर्षे असा होता: पन्नास अनुयायी आणि तीस दिवसांत सात निरनिराळ्या दिवशी मिळून पाचशे मिनिटांचे प्रक्षेपण, तेही सरासरी तीन प्रेक्षकांसमोर. तीन हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण जेथे अधिक प्रेक्षक असलेल्याला यादीत वर बसवले जाते, तेथे नवख्याला तीन माणसे टिकवणेही जड जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ट्विचची माहिती फुटली तेव्हा शिखरावरील मोजक्यांना लक्षावधी डॉलर मिळत असल्याचे जगाने पाहिले. त्या शिखराकडे बोट दाखवूनच पायथ्याशी गर्दी जमवली जाते. म्हणून शिक्षण वा नोकरी सोडून यात उडी घेऊ नये. आठवड्यातून दोन-तीन ठरावीक दिवस, ठरावीक वेळी बसावे आणि शरीराला झोप द्यावी.

तिसरी गोष्ट परावलंबनाची. मायक्रोसॉफ्टने मिक्सर हे व्यासपीठ जुलै २०२० मध्ये बंद केले. ट्विचने फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियातून गाशा गुंडाळला. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. एकाच खेळावर, एकाच व्यासपीठावर ज्यांनी पोट टांगले होते, त्यांचे त्या दहा महिन्यांत काय झाले असेल? म्हणून आपल्या प्रक्षेपणाची प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि प्रेक्षकांशी संपर्काचे दुसरे साधनही राखावे. दुसऱ्याचे संगीत परवानगीवाचून वाजवू नये. २०२० साली हक्कधारकांच्या तक्रारींवरून ट्विचवरील अनेकांना आपली जुनी चित्रणे पुसावी लागली.

चौथी गोष्ट नीतीची. थोडे नाव होताच पैसे लावून खेळण्याच्या ॲपची जाहिरात दारात येते. संसदेने २०२५ साली केलेल्या कायद्यात अशा जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचा धाक बाजूला ठेवला, तरी आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या कोवळ्या मुलांना जुगाराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची दलाली कोणी करू नये.

मात्र या चारही गोष्टी एकट्याने पाळल्या तरी त्यामुळे व्यवस्था बदलत नाही. कृष्णवर्णीय आणि लैंगिक अल्पसंख्य स्ट्रीमरांवर झुंडीने शिवीगाळ होऊ लागली, तेव्हा १ सप्टेंबर २०२१ रोजी अनेकांनी ट्विचवर एक दिवसाचा बहिष्कार पाळला. जर्मनीत २०१९ साली आयजी मेटाल या धातुकामगारांच्या बलाढ्य संघटनेने यूट्यूबवर काम करणाऱ्यांशी हातमिळवणी करून पारदर्शक नियमांची मागणी केली. भट्टीवरचा कामगार आणि कॅमेऱ्यासमोरचा तरुण यांचे नाते त्यांनी ओळखले. आपण ते केव्हा ओळखणार?

आपल्याकडे त्यासाठी कायद्याचा आधारही आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये प्लॅटफॉर्म कामगाराची व्याख्या आहे आणि तिच्या सातव्या परिशिष्टात टॅक्सी व घरपोच सेवांच्या बरोबरीने आशय व माध्यम सेवांचाही उल्लेख आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तीत आहे; या रकमेला कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. थेट प्रक्षेपण करणाऱ्यांची या कलमाखाली नोंद व्हावी, खाते बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि अपिलाची संधी मिळावी, वाट्याचे प्रमाण बदलण्यापूर्वी पूर्वसूचना द्यावी, या तीन मागण्या आज मांडता येण्याजोग्या आहेत.

आपल्या शाखांनी आरंभ लहानच करावा. गावातील अशा पाच-दहा तरुणांना एकत्र बोलवावे, त्यांचे करार मराठीत समजावून द्यावेत, एक जोडणी आणि एक ध्वनिग्राहक सामायिक वापरता येईल काय ते पाहावे. खेळावर आपण भाषण देऊ नये. त्यांच्या कामाचे तास आणि त्यांची मिळकत विचारावी. गिरणीच्या फाटकावर संघटनेची पहिली सभा याच प्रश्नांनी सुरू होत असे.