गोचिडाला बांध नसतो

देऊळगाव राजा तालुक्यातील शेतकऱ्याला रोही आणि रानडुकरे यांची ओळख करून द्यावी लागत नाही. हरभऱ्याचा घाटा भरू लागला की रात्री शेतात कोण उतरते, हे त्याला पक्के ठाऊक असते. पिकाची नासाडी झाली तर निदान पंचनामा होतो आणि भरपाईचा अर्ज करता येतो. ती किती आणि केव्हा मिळते, हा प्रश्न वेगळा. परंतु रानातील जनावर आणि गोठ्यातील जनावर यांच्यामध्ये आणखी एक देवघेव अखंड चालू असते आणि तिचा पंचनामा कोणीच करीत नाही. ही देवघेव गोचीड करतो.

गोचीड नुसते रक्त पीत असता तर प्रश्न गोठ्यापुरताच राहिला असता. तो रोगही वाहून नेतो. ज्याला ‘गोचीडताप’ म्हणतात तो थायलेरियासिस आणि जनावराची लघवी तांबडी करणारा बबेसिओसिस, हे दोन्ही आजार त्याच्याच मार्फत पसरतात. देशी जनावरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने या तापांना बरीचशी सरावलेली असतात. संकरित गाय तशी नसते. म्हणजे ज्याने कर्ज काढून संकरित गाय घेतली आणि दुधावर हप्ते फेडायचे ठरविले, त्याच्याच दारात धोका अधिक. गाय दगावली तरी हप्ता दगावत नाही.

यावर आज जो उपाय होतो तो ज्याचा त्याने करायचा असतो. शेतकरी दुकानातून औषध आणतो, अंदाजाने पाण्यात मिसळतो आणि गुरांवर फवारतो. काही दिवस बरे जातात आणि मग गोचीड पुन्हा दिसू लागतात. यात नवल काहीच नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी जमिनीवर गळून पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. त्यातून निघालेली पिले गवताच्या पात्यावर चढून वाट पाहत बसतात. खालून जाणारी गाय घरची आहे, शेजाऱ्याची आहे, की ते जनावर मुळात रोही आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. एकाने फवारले आणि इतरांनी नाही, तर त्याचा खर्च गायरानात वाया जातो. इतरांनी फवारले आणि एकाने नाही, तर त्या एकाला फायदा फुकट मिळतो. ज्या कामाचा खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा, ते काम कोणीच पुरेसे करीत नाही, हा अर्थशास्त्रातील जुना धडा येथे तंतोतंत लागू पडतो. त्यातच मात्रा कमी-अधिक झाली की औषधाला न जुमानणारे गोचीड तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. सायपरमेथ्रीन आणि डेल्टामेथ्रीन यांच्या बाबतीत देशाच्या अनेक भागांत हेच घडले आहे.

मग रोहीच नाहीसे करावेत, असे उत्तर पुढे येणे स्वाभाविक आहे. त्याचा विचार करताना अमेरिकेतील टेक्सास राज्याची हकीकत उद्‌बोधक ठरेल. गुरांचा ताप गोचिडामुळे पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सिद्ध केले. १९०६ मध्ये सरकारी मोहीम सुरू झाली. सर्वांची गुरे सक्तीने औषधी हौदातून काढली गेली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा वगळता देश त्या गोचिडापासून मुक्त झाला. एकेकट्या पशुपालकाला हे कधीच साधले नसते. पुढे मात्र या यशाला तडा गेला, तो भारतातील रोहीमुळे! १९३० च्या सुमारास टेक्सासातील मोठ्या मळ्यांवर आणून सोडलेले हे प्राणी वाढत गेले आणि आज तेच गोचीड अंगावर घेऊन कुंपणे ओलांडतात. रोहीला हौदात उतरविता येत नाही आणि शिकार करूनही तो संपत नाही. बंदुका, पैसा आणि मनुष्यबळ यांची वाण नसलेल्या देशाला जे जमले नाही, ते बुलढाणा जिल्ह्यात जमेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

रानातील जनावराला औषध देता येत नसेल, तर हाताशी असलेले साधन एकच उरते, ते म्हणजे पाळीव जनावर. केनियातील लायकिपिया भागात गुरे आणि वन्य प्राणी एकाच कुरणात चरतात. तेथे गुरांना नियमित गोचीडनाशक दिले जाते, त्या कुरणांत गोचीड पुष्कळ कमी असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. औषध लावलेली गाय ही एक चालता-फिरता सापळाच असते. गवतावरचा गोचीड तिच्या अंगावर चढतो आणि मरतो. मात्र कुरणातील बहुतेक सर्व गुरे अशी सापळा बनली, तरच हा हिशेब जुळतो.

हा प्रश्न केवळ गुरांचा नाही, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये आढळलेला माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात पोचला आणि काजूच्या बागांत राबणारी माणसे त्याला बळी पडली. तोही गोचिडामार्फतच पसरतो आणि जंगलात चरणारी गुरे त्या गोचिडांना पोसतात. सह्याद्रीच्या दमट जंगलातील हा रोग उद्या देऊळगाव राजाच्या माळावर येईल, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. रान, गोठा आणि घर यांना जोडणारी साखळी एकच आहे, एवढेच त्यातून घ्यावयाचे.

तेव्हा गोचीड-नियंत्रणाचा घटक एक शेतकरी नव्हे, एक गाव असला पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर ठरलेल्या दिवशी गावातील सर्व गुरांना योग्य मात्रेत औषध लावावे आणि सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने ते पुन्हा लावावे. कारण गुरांवरच्या नेहमीच्या गोचिडाचे पिलापासून मादीपर्यंतचे आयुष्य साधारण तेवढ्याच काळात एकाच जनावराच्या अंगावर पुरे होते. थायलेरियासिस पसरविणारा गोचीड मात्र गोठ्याच्या भेगांत दडतो; त्यासाठी भेगा बुजविणे, शेणकचरा हटविणे आणि गोठ्यातही फवारणी करणे आवश्यक आहे. कोणते औषध कोणत्या वर्षी वापरायचे आणि त्यानंतर दूध किती दिवस वर्ज्य, हे दुकानदाराने नव्हे, पशुवैद्यकीय दवाखान्याने सांगावे. एका दिवशी सारे गाव आपापली जनावरे धुऊन-पुसून सज्ज करते, असा पोळ्याचा सण येथे आहेच. एक फेरी त्याच्या आदल्या दिवशी धरता येईल.

खर्चाचा प्रश्न राहतो. तो गरीब पशुपालकावर टाकला, तर तो मागे राहील आणि त्याच्या एका गाईमुळे बाकीच्यांचा खर्चही बुडेल. म्हणून औषधाचा भार ग्रामपंचायत, दूधसंस्था आणि पशुसंवर्धन खाते यांनी वाटून घेणे, हा त्याच्यावरचा उपकार नव्हे. तो साऱ्या गावाचा विमा आहे. दगावलेल्या गाईंसाठी मदतीचे प्रस्ताव पाठविण्यात जी धावपळ होते, तिच्यातील थोडी जरी पहिल्या पावसानंतर झाली, तर त्यांतले पुष्कळसे प्रस्ताव लिहावेच लागणार नाहीत.