विद्यार्थीदशा संपते, बिल संपत नाही

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे. बिलिंग. त्यातही स्टुडंट डिस्काउंटचं बिलिंग. पण घरात कोणी इंजिनियरिंगच्या, आर्किटेक्चरच्या नाहीतर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असेल तर वाचाच, आणि जमलं तर ज्याच्या कार्डावरून पैसे जातात त्यालाही वाचायला द्या :-)

आधीच सांगतो, स्टुडंट डिस्काउंटला माझा विरोध नाही. एके काळी होस्टेलच्या अख्ख्या मजल्यावर एकाच पेनड्राइव्हवरून क्रॅक फिरायचे. त्यापेक्षा आत्ताची पद्धत कधीही बरी. गिटहबने २०१४ साली स्टुडंट डेव्हलपर पॅक काढला, जेटब्रेन्स विद्यार्थ्यांना आपली टूल्स फुकट देते, हे चांगलंच आहे. आता कंपन्या काही दानधर्म करत नाहीत. कॉलेजात ज्या टूलवर हात बसतो तेच टूल पोरगं नोकरीला लागल्यावर ऑफिसात मागतं. ठीक आहे, धंदा आहे. माझं भांडण सवलत देण्याशी नाही, ती संपते कशी याच्याशी आहे.

माझी मावसबहीण पुण्यात डिझाइन शिकत होती. एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं सब्स्क्रिप्शन होतं, चार हजार अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२० रुपये. कार्ड काकांचं. ते सांगलीला. मागच्या वर्षी मे महिन्यात पोरगी पास झाली आणि जुलैमध्ये काकांच्या कार्डावरून ११,८०० रुपये गेले. मावशीचा मला फोन, "अरे, तू कॉम्प्युटरमधला ना, बघ जरा, कोणी हॅक केलं की काय!"

हॅक वगैरे काही नव्हतं. सगळं नियमानुसार झालं होतं, आणि हेच मला जास्त खटकलं. "तुम्ही अजून विद्यार्थी आहात का, कागद पाठवा" असे दोन मेल कंपनीने पाठवले होते. पण ते गेले कॉलेजच्या मेल आयडीवर. तो आयडी कॉलेजने निकालानंतर बंद केला होता. बँकेचा "उद्या इतके पैसे जाणार" हा एसेमेस गेला काकांच्या फोनवर, जिथे त्याच दिवशी लोनच्या आणि प्लॉटच्या जाहिरातींचे आणखी वीस एसेमेस पडलेले. काकांना वाटलं पोरीचं काहीतरी क्लासचं असेल. आणि वरताण म्हणजे सब्स्क्रिप्शन रद्द करायला लॉगिन हवं, लॉगिनला ओटीपी हवा, आणि तो ओटीपी येणार त्या बंद पडलेल्या मेलवर. घ्या!

आता यात आतून काय घडतं ते सांगतो, कारण पोटापाण्यासाठी मी असलंच काहीतरी लिहितो. इथे तीन वेगळ्या सिस्टिम असतात. तुम्ही विद्यार्थी आहात की नाही हे तपासणारी एक, बऱ्याचदा ती दुसऱ्याच कंपनीची असते. बिल बनवणारी दुसरी. आणि पैसे खेचायची परवानगी सांभाळणारी तिसरी, म्हणजे बँक. पहिल्या सिस्टिममध्ये "विद्यार्थी" ही एक खूण असते, तिला मुदत असते, साधारण बारा महिने. मुदत संपली की बिलवाली सिस्टिम विचारते, सवलत नाही? मग कुठला भाव लावू? आणि इथे कोणीतरी, कुठल्या तरी मीटिंगमध्ये बसून, ठरवलेलं असतं की पूर्ण भाव लाव. "सेवा थांबव आणि माणसाला विचार" असंही ठरवता आलं असतं. कोडच्या दृष्टीने दोन्हीत फारसा फरक नाही हो. फरक पडतो तो फक्त तिमाहीच्या आकड्यांत.

बरं, बँकेची परवानगी तरी ४,७२० चीच असेल ना? तिथे आणखी गंमत आहे. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीने लागू झाले. पहिल्यांदा ओटीपी देऊन परवानगी द्यायची, पुढे प्रत्येक वेळी किमान चोवीस तास आधी बँकेने सूचना द्यायची, आणि मर्यादेच्या आत असेल तर पुन्हा ओटीपी लागत नाही. ही मर्यादा आधी पाच हजार होती, जून २०२२ मध्ये ती पंधरा हजार झाली. परवानगी देताना एक "कमाल रक्कम" असते. ती बऱ्याचदा तुमच्या आजच्या बिलाएवढी नसते, सरळ पंधरा हजार भरून आलेली असते. म्हणजे सवलतीच्या भावाला हो म्हणताना आपण पुढच्या पूर्ण भावालाही हो म्हणून बसतो. नियम चांगला आहे, पण सूचना कार्डवाल्याला जाते आणि सॉफ्टवेअर वापरणारा वेगळाच असतो, हे आपल्याकडचं घराघरातलं वास्तव त्यात बसत नाही.

मुदत वाढवून घ्यायला जावं तर कागदांचं वेगळंच नाटक. फॉर्म मागतो .एज्यू वाला मेल. ते डोमेन २००१ पासून व्यवहारात फक्त अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजांनाच नव्याने मिळतं. आपल्याकडे .एसी.इन किंवा .एज्यू.इन, आणि कितीतरी कॉलेजं तेही पोरांना देत नाहीत. मग आयकार्डाचा फोटो द्या. आयकार्डावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. अकाउंटवर नुसतं नाव-आडनाव. मशीन म्हणतं, जुळत नाही. कार्डावर मुदतीची तारीख नाही, नुसती बॅच. बोनाफाइड मराठीत. नवीन वर्षाचं आयकार्ड अॅडमिशननंतर दीड महिन्याने हातात पडणार आणि रिन्यूअल जुलैत. खरा विद्यार्थी नापास आणि ज्याच्याकडे जुना चालू मेल आहे तो पास, असली ही परीक्षा. असो.

आमचं प्रकरण सुटलं कसं, ते सांगतो. पहिलं म्हणजे काकांच्या बँकेच्या साइटवर जाऊन ती परवानगी रद्द केली, म्हणजे पुढच्या वर्षीचा घोर मिटला. पण एक लक्षात ठेवा, परवानगी रद्द करणं म्हणजे सब्स्क्रिप्शन रद्द करणं नव्हे. वर्षभराचा करार असेल तर कंपनी उरलेले पैसे मागू शकते. "वर्षाचा प्लॅन, महिन्याला पैसे" या प्रकारात तर हमखास भांडण होतं. अमेरिकन सरकारने जून २०२४ मध्ये अॅडोबीवर जो खटला भरला तो याच मुद्द्यावर होता, की लवकर रद्द केल्यास दंड पडतो हे ठळकपणे सांगितलं जात नाही. तर दुसरं, कंपनीच्या सपोर्टला इनव्हॉइस नंबर टाकून मेल केला, पास झाल्याचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट जोडलं, आणि "पैसे गेल्यापासून सॉफ्टवेअर एकदाही उघडलेलं नाही, तुमच्या लॉगवर बघा" असं लिहिलं. या वाक्याने काम केलं असा माझा अंदाज. आधी दोन साचेबंद उत्तरं आली, मग तिसऱ्यांदा खरा माणूस भेटला. तीन आठवड्यांनी पैसे परत. बँकेकडे वाद घालायचा पर्याय मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो घातला की बरेचदा अकाउंटच बंद होतं आणि आत पोरीच्या चार वर्षांच्या फायली होत्या.

नसते मिळाले तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गेलो असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या तेरा प्रकारांत सब्स्क्रिप्शनचा सापळा चक्क नाव घेऊन आहे. तुमच्या घरी कोणी शेवटच्या वर्षाला असेल तर निकाल लागायच्या आधीच अकाउंटचा मेल बदलून घ्या. कॉलेजचा काढा, स्वतःचा टाका. बाकी सगळं नंतर निस्तरता येतं, हे नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. नोकरीला लागून तीन वर्षं झाली तरी कॉलेजच्या मेलवर फुकट लायसन्स वापरणारे माझ्याच ओळखीत आहेत. "कंपन्या आपल्याला लुटतात, आपण त्यांना" असं त्यांचं म्हणणं. मला नाही पटत. शैक्षणिक लायसन्स बहुधा व्यावसायिक कामाला चालतच नाही, तसं अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि क्लायंटचा कोड त्यावर लिहिणं म्हणजे ऑफिसला अडचणीत टाकणं. शिवाय यांच्यामुळेच तपासणी दरवर्षी कडक होते आणि मग आयकार्डावर आडनाव आधी असलेली तिसऱ्या वर्षातली पोरगी त्यात अडकते. आमच्या टीममध्ये परवा जेवताना यावरून मोठा वाद झाला. एकाने विचारलं, मग पगारातून सगळी टूल्स विकत घ्यायची का? मी म्हटलं, मॅनेजरला मेल टाक ना, तीन वर्षांत एकदा तरी विचारलंस का? नव्हतं विचारलं. सोमवारी विचारणार आहे म्हणे.