ओटा कुणाच्या मापाचा?



आपल्या वस्त्यांमधले कितीतरी गवंडी, लादीवाले आणि बिगारी दिवसभर दुसऱ्यांची स्वयंपाकघरे सजवतात. ओट्यामागे काचेच्या रंगीत लाद्या आणि खाली आरशासारखा घोटलेला सिमेंटचा कोबा, असे 'आधुनिक किचन' त्यांच्याच हातून उभे राहते. आता पुनर्विकासात किंवा घरकुल योजनेत आपल्यातल्या काहींना नवे घर मिळते, आणि घरात साहजिकच विषय निघतो, "आपणही तसेच करू या." हौस जरूर असावी. कष्टाच्या पैशाची हौस तर असावीच. पण पैसा ओतण्यापूर्वी एक प्रश्न विचारा. या ओट्यापुढे रोज तासन्‌तास उभे कोण राहणार, आणि नव्या ओट्याने त्या माणसाचे कष्ट किती कमी होणार?

आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो, त्याचे मूळ कामगारांच्या घरात आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची फार टंचाई होती. फ्रँकफर्ट शहराने मोठ्या वसाहती बांधायला घेतल्या. त्या घरांसाठी १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्त्री-वास्तुशिल्पकाराने स्वयंपाकघर आखले. जागा किती? रुंदी सुमारे सव्वासहा फूट आणि लांबी सुमारे अकरा फूट. बाई कुठून कुठे किती पावले टाकते याचा हिशोब करून तिने चूल, मोरी, फळ्या आणि डबे यांच्या जागा ठरवल्या. बसून भाजी चिरता यावी म्हणून उंची कमी-जास्त करता येणारे स्टूल ठेवले. असे स्वयंपाकघर सुमारे दहा हजार घरांत बसले.

त्या आखणीत एक उणीवही होती. तिथे एकाच माणसापुरती जागा होती, त्यामुळे बाई आत एकटी पडली. पुढे स्त्रीमुक्ती चळवळीने यावर टीका केली. आपण यातून दोन्ही गोष्टी घ्याव्यात. पावले वाचवावीत, आणि नवऱ्याला किंवा मुलाला शेजारी उभे राहून पोळ्या लाटता येतील इतकी जागाही ठेवावी.

आता ओट्याचे माप. घरातल्या ज्या व्यक्तीचे हात तिथे जास्त चालतात तिला चपला काढून सरळ उभे करा. हात कोपरात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा करा. कणीक मळायला आणि भाजी चिरायला तेवढी उंची बरी. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण बत्तीस-तेहतीस इंचांचा ओटा सोयीचा पडतो. गॅसची शेगडी ओट्यावर ठेवली की पातेले आणखी वर जाते, आणि ढवळताना खांदा उचलावा लागतो. म्हणून जमेल तिथे शेगडीचा भाग तीन-चार इंच खाली घ्यावा. एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. ओटा आधी बांधला आणि नंतर खाली दोन इंच कोबा टाकला, तर ओटा तेवढाच ठेंगणा होतो. जन्मभर वाकून काम करावे लागते. म्हणून आधी जमीन ठरवा, मग ओटा.

ओट्यामागच्या भिंतीला तेल, फोडणीचे शिंतोडे आणि वाफ रोज सोसावी लागते. साध्या रंगाची भिंत ते शोषून घेते. काचेची लादी पाणी, तेल, हळद काहीच शोषत नाही, ओल्या फडक्याने साफ होते. हा तिचा खरा गुण आहे. पण ती पारदर्शक असते, म्हणून मागे पांढराच मसाला लागतो. राखाडी सिमेंट लावले तर रंग मळकट दिसतो, आणि थापीचे ओरखडेसुद्धा पुढून दिसतात. शिवाय लादी जितकी बारीक तितके सांधे जास्त, आणि चिकटा बसतो तो सांध्यांतच. इंचा-इंचाच्या सुंदर तुकड्यांची भिंत घासताना कोणाची बोटे दुखणार, हे दुकानातला नमुना सांगत नाही.

इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या नेहमीच्या चकचकीत सिरॅमिक लादीवर जो चमकणारा थर असतो, तो भट्टीत वितळून बसलेला काचेचाच थर असतो. म्हणजे काचेचा जो उपयोग आपल्याला हवा, तो या स्वस्त लादीतही मिळतो. काचेच्या लाद्यांची फारच आवड असेल तर शेगडीमागे मोठ्या साध्या लाद्या लावाव्यात आणि काचेची एखादी पट्टी मधून घ्यावी. ओट्यापासून निदान दोन फूट उंचीपर्यंत लादी असावी. सलग काचच बसवायची तर शेगडीमागे टफन केलेलीच काच घ्यावी. तिला कापणे आणि भोके पाडणे टफन करण्यापूर्वीच करून घ्यावे लागते, नंतर ती कापता येत नाही.

कोब्याची तर गंमत आहे. आपल्या जुन्या घरांत कोबा होता. तो गरिबीची खूण समजून आपण उखडला आणि लादी घातली. आता तोच कोबा घोटून, पॉलिश करून मोठ्या घरांत मानाने मिरवतो. मुळात कोबा वाईट नव्हता, वाईट होते ते घाईचे काम. तळमजल्यावर खाली मुरूम नीट ठोकलेला असावा. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग बारीक खडी हे प्रमाण चालते. एकदम सलग न ओतता चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या घालाव्यात, म्हणजे वेड्यावाकड्या भेगा कमी पडतात. मोरीकडे हलका उतार हवा. वर पाणी सुटलेले असताना ते सुकवण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरू नये, पुढे पापुद्रे निघतात. आणि निदान सात-आठ दिवस कोबा सतत ओला ठेवावा. पाणी मारण्याची ही साधी मेहनत टाळली की जमिनीतून जन्मभर धूळ निघते.

लिंबू, चिंच आणि व्हिनेगर यांनी सिमेंट खाल्ले जाते, तेल-हळदीचे डाग मुरतात. म्हणून वर सीलर लावावा, सांडलेले लगेच पुसावे, आणि बाजारातले ॲसिड कोब्यावर कधीही ओतू नये. आरशासारखी घोटाई ओली झाली की पाय घसरतो. घरात म्हातारी माणसे असतील तर घोटाई थोडी खरखरीतच ठेवा. कडक जमिनीवर फार वेळ उभे राहून टाचा दुखतात, तेव्हा ओट्यापुढे जाड पायपुसणे असावे.

वरच्या मजल्यावरच्यांनी मात्र सावध राहावे. दोन इंच काँक्रीटचे वजन दर चौरस फुटाला सुमारे अकरा किलो भरते. पन्नास चौरस फुटांच्या स्वयंपाकघरात साडेपाचशे किलो बोजा वाढतो. इंजिनिअरला विचारल्याशिवाय जुन्या लादीवर नवा कोबा टाकू नये.

शेवटी आपल्या कारागीर बंधूंसाठी. काँक्रीट, ग्रॅनाइट किंवा सिरॅमिक लादी कोरडी कापली की जी बारीक धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्‌झ दगडात सिलिकाचे प्रमाण फार मोठे असते. कापणारे तरुण कामगार आजारी पडू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. कटरवर पाण्याची धार ठेवा, एन-९५ मास्क लावा, धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने उचला. खोकला किंवा दम लागत असेल तर डॉक्टरांना आपले काम काय आहे ते आवर्जून सांगा. मालकाने घाई केली तरी पाणी न लावता कापू नका. आपल्या घरी काम चालू असेल तेव्हाही हाच नियम पाळा. घरात लहान मुले असतात.

स्वयंपाकघरासाठी दोन माणसांचे अंग झिजते. एक ते बांधणाऱ्याचे, दुसरे त्यात राबणाऱ्याचे. दोघांचीही झीज जिथे कमी होते, ते स्वयंपाकघर आधुनिक. तेव्हा ठेकेदाराला बोलावण्याआधी घरातल्या बाईला विचारा, तिचे माप घ्या, आणि तिने सांगितलेला आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. लादीचा रंग त्यानंतर निवडला तरी चालेल.